पानाला पान : पंगतीविषयी एक पूर्वपक्ष आणि एक उत्तरपक्ष

मराठीत दोन घराण्यांचे किंवा दोन जातींचे नाते कितपत जवळचे आहे हे सांगायचे झाले की ‘रोटीव्यवहार’ आणि ‘बेटीव्यवहार’ हे दोन शब्द जोडीनेच येतात. पहिल्याचा अर्थ एकमेकांच्या हातचे शिजलेले अन्न खाणे, दुसऱ्याचा अर्थ एकमेकांत सोयरीक करणे. आणि रोटीव्यवहार असूनही बेटीव्यवहार नाही असे कितीतरी जातिसंबंध महाराष्ट्रात दिसत असले, तरी मुली दिल्या-घेतल्या जातात पण पाणी चालत नाही अशी उलट स्थिती कल्पनेतही बसत नाही, यावरून अन्न हा नात्याचा पहिला उंबरठा मानला गेला होता हे उघड होते. या उंबरठ्याचा अर्थ कसा लावायचा याविषयी मात्र दोन तट आहेत. एका तटाच्या मते अन्न म्हणजे प्रथम भूमी, पाऊस, पीक आणि आठवण. समाजाची ओळख त्यातून आपोआप घडते आणि जेवणाने माणसे जोडली जातात. दुसऱ्या तटाच्या मते अन्न हे प्रथम कुंपण आहे. पानात काय वाढले आहे यापेक्षा ते कोणी रांधले, कोणी वाढले आणि शेजारच्या पाटावर कोण बसले आहे, यांवर समाजाची ओळख ठरते. संस्कृत शास्त्रग्रंथांत अशा वादाची मांडणी पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष या रूपात होत असे. पूर्वपक्ष म्हणजे आधी मांडला जाणारा, आणि बहुधा खोडला जाण्यासाठीच मांडला जाणारा, पक्ष, तर उत्तरपक्ष म्हणजे त्याला दिलेले उत्तर. पुढे ती रीत घेतली आहे, मात्र येथे पूर्वपक्षाला हरण्यासाठीच उभे केलेले नाही.

पूर्वपक्ष : महाराष्ट्राच्या अन्नाचा नकाशा काढायचा तर तो जातींच्या आधी पावसाचा काढावा लागतो. सह्याद्रीच्या पश्चिमेला पाऊस धो धो कोसळतो, म्हणून तेथे भात, नारळ, कोकम आणि मासळी. घाट चढून पूर्वेला गेले की पर्जन्यछायेचा प्रदेश, म्हणजे डोंगराने ढग अडवल्यामुळे कोरडा राहिलेला पट्टा, सुरू होतो आणि ताटात ज्वारी-बाजरीची भाकरी, हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाचा झुणका आणि ठेचा येतो. खानदेशात ज्वारीबरोबर उडीद दळून कळण्याची भाकरी होते आणि तिच्या जोडीला भाजलेल्या वांग्याचे भरीत असते. विदर्भाच्या पूर्वेकडील झाडीपट्टीत तलाव आहेत म्हणून पुन्हा तांदूळ भेटतो. ही विविधता मातीतून आली आहे, ती कोण्या शास्त्रीबुवांनी ठरवून दिलेली नाही. कोकणातील कुणबी आणि कोकणातील भट या दोघांच्याही आहारात नारळ आणि कोकम आहे. देशावरील माळी आणि मराठा या दोघांच्याही भाकरीची ज्वारी एकाच काळ्या रानातली आहे. गाव सोडून शहरात आलेला माणूस आधी गावची चव शोधतो, आणि ती चव ज्याच्याकडे सापडते तो त्याला आपला वाटतो. अन्नातून दिसणारी समाजाची ओळख ही या अर्थाने प्रथम प्रादेशिक आहे.

उत्तरपक्ष : पावसाचा नकाशा खरा आहे, पण एका गावात एकच पाऊस पडतो. मराठवाड्यातील एखाद्या गावात ज्वारी सर्वांच्याच घरी शिजत असे; परंतु तूप कोणाच्या भाकरीवर पडावे, शिळी भाकरी कोणाच्या झोळीत पडावी आणि बैल मेल्यावर त्याचे मांस कोणाच्या वाट्याला जावे, हे पाऊस ठरवत नव्हता. बलुतेदारीच्या व्यवस्थेत, म्हणजे गावाची कामे करणाऱ्या जातींना पैशाऐवजी धान्याचा ठरावीक वाटा देण्याच्या पद्धतीत, महारांना दारोदार फिरून मिळणारी भाकरी हा हक्क म्हणून नोंदला जाई आणि भीक म्हणून वाढला जाई. माती एक, पीक एक, चूल मात्र जातीगणिक वेगळी. म्हणून पदार्थांचा अभ्यास करून समाज कळत नाही. त्यासाठी हातांचा अभ्यास करावा लागतो. सोवळे या कल्पनेचा गाभा हाच आहे. सोवळे म्हणजे स्नान करून, धूतवस्त्र नेसून, इतरांचा स्पर्श टाळून राखलेली शुद्ध अवस्था, आणि ओवळे म्हणजे त्या अवस्थेबाहेरचे सर्व काही. धान्य जोवर कोरडे आहे तोवर त्याला फारसा विटाळ नाही; त्याला पाणी लागून ते शिजले की ते ‘खरकटे’ होते, आणि खरकटे अन्न शिजवणाऱ्याची जात जणू आपल्याबरोबर घेऊन फिरते. म्हणून वाण्याकडचे तांदूळ कोणालाही चालत, वाण्याच्या घरचा भात मात्र सर्वांना चालत नसे.

येथे ‘शिधा’ या शब्दापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण मराठी समाजाने नकार सभ्यपणे देण्यासाठी जी साधने घडवली त्यांत याच्याइतके नाजूक दुसरे नाही. शिधा म्हणजे एका माणसाच्या जेवणापुरते कोरडे जिन्नस : तांदूळ, डाळ, कणीक, गूळ, तूप, मीठ, एखादी भाजी. यजमानाच्या हातचे शिजलेले अन्न ज्याला चालत नाही अशा भिक्षुकाला किंवा पाहुण्याला यजमान शिधा देत असे, आणि तो आपला स्वयंपाक आपण करून जेवत असे. देणाऱ्याला दानाचे पुण्य मिळाले, घेणाऱ्याचे सोवळे राहिले आणि दोघांपैकी कोणाचाही उघड अपमान झाला नाही. तरी त्या सुपातल्या तांदळाने दोघांमधले अंतर अचूक मोजून दाखवले. मानववंशशास्त्रज्ञ मॅक्किम मॅरियट यांनी उत्तर भारतातील एका खेड्यात कोणती जात कोणाकडून कच्चे, शिजलेले आणि उष्टे अन्न घेते याची कोष्टके मांडून जातींची उतरंड काढली; मराठी गृहिणीला हेच कोष्टक न लिहिता पाठ होते, आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला ओसरीवर पान मांडायचे, शिधा द्यायचा की वरून ओंजळीत पाणी घालायचे, हे ती क्षणात ठरवत असे.

उत्तरपक्ष : या कोष्टकाला दंडाची बाजूही होती. जातीचा नियम मोडल्याचा आरोप झाला की त्याची चौकशी होई, आणि या वादाला ‘ग्रामण्य’ म्हणत. दोषी ठरलेल्याचे अन्नपाणी बंद होई. त्याला परत घ्यायचे झाले तर प्रायश्चित्तानंतर तो गोताला, म्हणजे जातभाईंच्या समुदायाला, जेवण घाली. त्या जेवणात त्याच्या पानाला पान लावून चारचौघे बसले की तो शुद्ध झाला असे मानले जाई. त्याच्या अपराधाचा निकाल कागदावर होत असला तरी त्याची अंमलबजावणी पंगतीत होत असे. महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून ही यंत्रणा इतिहासजमा झाली होती असे म्हणता येत नाही.

पूर्वपक्ष : पंगतीत शिक्षा होती हे मान्य करावे लागते, पण पंगतीत मुक्तीही होती. वारकरी परंपरेत आषाढी वारीचा शेवट पौर्णिमेला गोपाळपुरातील काल्याने होतो. काला म्हणजे लाह्या, दही, पोहे असे जे ज्याच्या शिदोरीत असेल ते एकत्र कालवून एकमेकांच्या मुखी भरवणे, आणि यात उष्टे-खरकटे हा विचारच मोडीत निघतो. संत एकनाथांच्या चरित्रकथांत श्राद्धाचा स्वयंपाक अंत्यजांना वाढल्याची आणि त्यांच्या घरी जेवल्याची कथा येते. ती घटना म्हणून घ्यावी की आख्यायिका म्हणून, हा प्रश्न वेगळा, पण शतकानुशतके कीर्तनांतून ती समाजाने आनंदाने ऐकली. शिवाय सोवळ्याची भिंत वाटते तितकी अभेद्य नव्हती. मराठी घरातील उपवासाचे फराळाचे ताट पाहावे : साबुदाणा ज्या कसावाच्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, रताळे, शेंगदाणे आणि हिरवी मिरची हे सारे अमेरिका खंडातले, बहुतांशी सोळाव्या शतकानंतर पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर आलेले. जो समाज चातुर्मासाच्या तोंडावर कांदेनवमी साजरी करून चार महिने कांदा सोडतो, त्यानेच समुद्रापलीकडचा बटाटा एकादशीच्या ताटात बसवला. परक्याला इतक्या सहज आपले करणारी पाकपरंपरा बंदिस्त होती असे कसे म्हणावे?

उत्तरपक्ष : हा दाखला उत्तरपक्षालाच बळ देतो. बटाटा परका होता, पण तो सोवळ्यातल्या हातांनी सोलला जात होता, म्हणून चालला. पदार्थ परका असून अडत नाही, हात परका असून अडते, हे एकोणिसाव्या शतकाने दोनदा सिद्ध केले. मुंबईत १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा स्थापन केली. जातिभेद न मानणाऱ्यांची ही सभा गुप्तपणे भरत असे, आणि तिच्यात प्रवेश करणाऱ्याला ख्रिस्ती भटारखान्यात भाजलेला पाव खावा लागे. गहू नवा नव्हता, भाजणेही नवे नव्हते, तरी तो एक घास जात घालवायला पुरेसा होता, आणि म्हणूनच तो दीक्षेचा विधी होऊ शकला. सभासदांची नावे उघड होण्याची वेळ आली तेव्हा सभाच मोडली.

दुसरा दाखला पुण्याचा आहे आणि तो अधिक बोलका आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानिमित्त शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली होती; त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, तरुण गोखले होते. व्याख्यानानंतर मिशनऱ्यांनी चहा आणि बिस्किटे पुढे केली. काहींनी चहा घेतला, काहींनी पेला हातात घेऊन मान राखला आणि तो तसाच खाली ठेवला. ही मंडळी जमवण्यात पुढाकार घेणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती, यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि एका पेलाभर चहाचे ग्रामण्य झाले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, त्यांनी चौकशीसाठी शास्त्र्यांचे मंडळ नेमले, साक्षी झाल्या, युक्तिवाद झाले. देशाच्या भवितव्यावर एकमेकांशी कडाडून भांडणारी ही माणसे चहाच्या प्रश्नावर मात्र एकाच आरोपींच्या यादीत होती. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतले असल्याचे सांगितले. रानड्यांनी पुढे १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचा रोष ओढवून घेतला. चहा ही वस्तू तेव्हा इतकी नवी होती की तिच्याविषयी धर्मशास्त्रात एक ओळ असण्याचा संभव नव्हता. दोष चहाला लागला नव्हता, किटलीला लागला होता.

रानड्यांच्या प्रायश्चित्ताकडे एकटा पुरुष घाबरला अशा नजरेने पाहण्याची चूक त्यांच्या टीकाकारांनी केली आणि नंतरचेही अनेक लेखक करतात. अन्नपाणी बंद होण्याचा फटका एकट्याला बसत नसे. श्राद्धाला भिक्षुक मिळत नसे, मुलींच्या सोयरिकी अडत, माहेरवाशिणीला दार बंद होई. रोटीचा धागा ओढला की बेटीचा धागा कसा आवळतो, हे त्या काळातील प्रत्येक घराला ठाऊक होते.

पूर्वपक्ष : तरीही परमहंस सभेच्या त्या पावाचा पुढचा अध्याय विसरता येत नाही. ज्या पावाच्या एका घासाने १८४९ मध्ये जात जात होती, त्याच पावात बटाटेवडा घालून १९६० च्या दशकात मुंबईच्या गिरणी भागात जो पदार्थ उभा राहिला तो आज मराठी माणसाच्या अस्मितेची खूण मानला जातो, आणि त्याच्या नावाने राजकारणही होते. त्यातील बटाटा, मिरची आणि पाव हे तिन्ही पोर्तुगीजांनी आणलेले. ‘पाव’ हा शब्दसुद्धा त्यांचाच. हा बदल कोणाच्या उपदेशाने झाला नाही, तो भुकेने आणि वेळेच्या टंचाईने केला. आगगाडी आली, गिरण्या आल्या, इराण्यांची हॉटेले आली. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडून आलेले हजारो पुरुष बायकामुले गावी ठेवून एकेका गाळ्यात दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपत, आणि त्यांचे दोन वेळचे जेवण खानावळवाल्या बायका करत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. घरच्या चुलीवर राबणाऱ्या बाईचा स्वयंपाक हा धंदा म्हणून, पतपात्र काम म्हणून, येथे मोजला गेला. अन्नाने माणसे जोडली याचे याहून मोठे उदाहरण कोणते?

उत्तरपक्ष : खानावळीचे श्रेय मोठे आहे यात वाद नाही, पण खानावळ निवडताना गावकी आणि भावकी पाहिली जात असे, आणि गावकी-भावकीच्या आड जात बसलेली असे. गिरणीच्या आत तर उष्ट्याच्या कल्पनेवर पगार ठरत होता. साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणण्याच्या विभागात, धोट्यातील सुताची कांडी संपली की नव्या कांडीचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एका कामगाराच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाणार, या कारणाने अस्पृश्य कामगारांना जास्त मजुरीच्या साचेखात्यात घेतले जात नसे, आणि १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपनेत्यांपुढे ठेवला होता. पंगतीचा नियम अशा रीतीने पंगत नसलेल्या ठिकाणीही चालत होता. आधुनिक यंत्राने तो मोडला नाही, उलट त्याला मजुरीच्या दरात जागा करून दिली.

येथवर आल्यावर पूर्वपक्षाला आपली बाजू थोडी बदलावी लागते. अन्न आपोआप माणसे जोडते हे विधान मागे घेऊन, अन्नाच्या द्वारे माणसे जाणीवपूर्वक जोडता येतात, असे तो म्हणू शकतो. आणि त्यासाठी त्याच्या हाताशी सबळ पुरावा आहे.

पूर्वपक्ष : कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्यावरून मारहाण झाली तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना चहाचे दुकान काढून दिले आणि स्वतः जाता-येता तेथे गाडी थांबवून चहा घेतला, राजा पितो म्हटल्यावर बरोबरच्या सरदार-दरकदारांनाही पेला उचलावा लागला. पंचहौद प्रकरणाला अजून तीस वर्षेही झाली नव्हती. रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनी सहभोजनांची मोहीम चालवली आणि १९३३ मध्ये सर्व जातींच्या हिंदूंसाठी उपाहारगृह काढले. म्हणजे ज्या शस्त्राने जात राखली गेली तेच शस्त्र जातीवर उगारता येते.

उत्तरपक्ष : शाहू महाराजांच्या पेल्याला बळ होते ते त्यांच्या गादीचे, आणि गंगाराम कांबळे यांच्या हाती दुकान आले, म्हणजे उपजीविका आली, हे त्यातील अधिक टिकाऊ काम होते. सहभोजनाविषयीचा निर्णायक आक्षेप मात्र डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात, घेतला. एकमेकांचे अन्न खाणाऱ्या जाती पुष्कळ आहेत, तरी त्यांच्यातील जातिभावना गेलेली नाही. वर्षातून एकदा ठरवून केलेले जेवण संपते आणि माणसे आपापल्या घरी जातात. खरा उपाय रक्ताच्या नात्याचा, म्हणजे मिश्रविवाहाचा, आणि त्याही मुळाशी ज्या शास्त्रप्रामाण्यावर हे नियम उभे आहेत ते नाकारण्याचा आहे, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे. हे लिहिणाऱ्याला पाण्याच्या एका ओंजळीची किंमत ठाऊक होती : २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर सत्याग्रहींवर हल्ला झाला आणि नंतर ते तळे पंचगव्याने ‘शुद्ध’ करण्यात आले.

पूर्वपक्ष : रोटीकडून बेटीकडे जाण्याचा रस्ता तरी रोटीवरूनच जातो ना? आणि प्रत्येक कुंपण उतरंडीसाठीच असते असे नाही. कोकणातील बेने इस्राएल हा मराठीभाषक यहुदी समाज पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळण्याचा धंदा करी आणि शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवी, म्हणून त्याला शनिवार तेली म्हणत. यहुदी नियमाप्रमाणे मांस आणि दूध एकत्र येऊ देत नसल्यामुळे त्याचा रस्सा नारळाच्या दुधात शिजतो, आणि नवसपूर्तीला पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा करून संदेष्टा एलियाचे स्मरण केले जाते. १९४८ नंतर हा समाज मोठ्या संख्येने इस्राएलला गेला, तरी मलिद्याचे ताट त्याने तेथेही नेले. त्यातील पोहे आणि खोबरे शेजारच्या कुणब्याचेच आहेत. वेगळेपण आहे ते विधीत. मूठभर समाजाला आपली ओळख टिकवायला अन्नाचे कुंपण लागते, आणि या कुंपणाने कोणाला खाली लोटलेले नाही.

हा दाखला उत्तरपक्षाला निरुत्तर करतो असे म्हणवत नाही, कारण त्याच समाजात गोरे आणि काळे असे दोन गट होते आणि त्यांच्यात सोयरीक होत नसे. तरीही दुबळ्याने स्वतःभोवती घातलेले कुंपण आणि बलवानाने दुसऱ्याभोवती घातलेले कुंपण यांत भेद केलाच पाहिजे, एवढे येथे पूर्वपक्षाने मिळवले, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या वादातील ही त्याची सर्वात भक्कम जागा आहे.

उत्तरपक्ष : तो भेद मान्य आहे, आणि म्हणूनच कोणत्या समाजाच्या स्वयंपाकाला ‘मराठी स्वयंपाक’ हे नाव मिळाले हे पाहणे आवश्यक ठरते. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे हजार पाकक्रियांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० मध्ये आले, कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये आले आणि घरोघर पोहोचले. या दोन पुस्तकांच्या मधल्या आणि नंतरच्या काळात पाठारे प्रभू, सीकेपी, सारस्वत, कोकणस्थ, देशस्थ या लेखणी हाती असलेल्या जातींचा स्वयंपाक लिहिला गेला, मोजला गेला, छापला गेला. वालाचे बिरडे, निनाव, गोडा मसाला घातलेली आमटी यांना ग्रंथात जागा मिळाली. मराठवाड्यातील महार आणि मांग घरांत मांसाच्या पट्ट्या वाळवून केलेल्या चान्या, रक्ती, वजडी यांना मात्र २०१५ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी शाहू पाटोळे यांचे पुस्तक आले आणि त्याचे नाव त्यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ असे ठेवले. जेवणाआधी म्हटल्या जाणाऱ्या श्लोकातील ‘पूर्णब्रह्म’ या शब्दाला लावलेला हा एक ‘अ’ साऱ्या पाकशास्त्राला विचारतो की पूर्ण कोणासाठी. योगायोग असा की १९९५ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या, गोवंश हत्याबंदीचा विस्तार करणाऱ्या विधेयकाला राष्ट्रपतींची संमतीही २०१५ मध्येच मिळाली, आणि पुस्तकात शिरलेले काही पदार्थ त्याच वर्षी कायद्याबाहेर गेले.

पूर्वपक्ष : परंतु ते पुस्तक लिहिले गेले, हेही अन्नाच्या आठवणीमुळेच. ज्याला समाजाने हीन ठरवले तो पदार्थ आईच्या हातचा म्हणून आठवतो, आणि लेखक तो लाजेने न लपवता साहित्य-कृतीसह लिहितो, यात अन्न हे आठवण आहे ही पूर्वपक्षाची बाजू उभी राहते. उत्तरपक्षाने हातांचा अभ्यास करायला सांगितले. आईचा हात हा त्या अभ्यासातून का सुटावा?

उत्तरपक्ष : तो सुटू नये. फक्त त्या हाताला गावात पाणी चालत होते का, हा प्रश्न त्याच्याबरोबर विचारला जावा.

दोन्ही पक्षांचे ऐकून झाल्यावर प्रस्तुत लेखकाचा कल असा आहे की, महाराष्ट्रात पदार्थ नेहमीच माणसाच्या आधी उंबरठा ओलांडून गेला आहे. बटाटा गेला, पाव गेला, चहा गेला. ते आणणारा, भाजणारा, उकळणारा माणूस मात्र प्रत्येक वेळी कितीतरी काळ ओसरीवरच राहिला. त्यामुळे एखाद्या समाजाचा पदार्थ लोकप्रिय झाला म्हणजे तो समाज स्वीकारला गेला, हे अनुमान, जे हल्लीच्या खाद्यमहोत्सवांच्या प्रसिद्धीत सर्रास दिसते, ते काढता येत नाही. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला रांगा लावणाऱ्या मुंबईतच मांसाहारी कुटुंबाला घर नाकारणाऱ्या सोसायट्या आहेत, आणि ते नाकारताना जातीचा किंवा धर्माचा शब्द उच्चारावा लागत नाही, कारण स्वयंपाकघराचा उल्लेख पुरतो. जुन्या शिध्याचेच हे नवे रूप आहे : अपमान दिसत नाही, अंतर दिसते.

आणि शिध्यावरूनच या वादातील शेवटचा दाखला घेता येतो, ज्याकडे दोन्ही पक्षांचे दुर्लक्ष झाले. केंद्र सरकारने १९९५ मध्ये प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराची योजना सुरू केली तेव्हा तामिळनाडूसारखी मोजकी राज्ये सोडली तर इतरत्र मुलांना शिजलेले अन्न मिळत नव्हते. महिन्याला ३ किलो धान्य घरी नेण्यासाठी दिले जात होते. सरकारही एका अर्थाने शिधाच वाटत होते, आणि प्रत्येक मूल तो आपापल्या चुलीवर नेत होते. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला की मुलांना शाळेतच शिजवलेले जेवण, किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेले, वर्षातून किमान २०० दिवस वाढले जावे. त्यामुळे गावातील सर्व मुले एका रांगेत बसली आणि लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला, तो म्हणजे शिजवायचे कोणी. त्याचे उत्तर देणारा आदेश त्याच न्यायालयाने २० एप्रिल २००४ रोजी दिला : शाळेतील स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींतील व्यक्तींना प्राधान्य द्यावे.